पितळेला न मानवणारे तेल

एका वृद्ध मिस्त्रीने एकदा उत्तम चालणाऱ्या जीपमधले नवेकोरे तेल काढून टाकले, आणि तेवढ्यासाठी तो एसटीने घाट चढून गेला. जीपच्या मालकिणीची काहीही तक्रार नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या शिष्याला हा आपला अपमान वाटत होता.

मिस्त्रीचे नाव त्र्यंबक पांचाळ. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे वर्कशॉप होते आणि सारा परिसर त्यांना वस्ताद म्हणे. शिष्य ईश्वर वळवी हा डोंगरातल्या पाड्यावरचा. कित्येक वर्षे त्यांच्या हाताखाली काम करून तो आता स्वतः उत्तम कारागीर झाला होता. जीप होती डॉक्टर निर्मला गावित यांची. घाटावरच्या एका गावात त्यांचा लहानसा दवाखाना होता. पावसाळ्यात तिकडचे नाले दुसऱ्या गाडीला पार होत नसत. ही जुनी जीप मात्र चारही चाकांनी चिखल कापत जाई. ईश्वरची बहीण बाळंतपणात अडली, तेव्हा डॉक्टरताईंनी तिला याच जीपमधून रुग्णालयात पोहोचवले होते. तेव्हापासून ईश्वरची त्या गाडीवर माया होती.

वस्ताद लेकीकडे गेलेले असताना जीप तेल बदलायला आली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारी जी पेटी गिअरबॉक्सच्या मागे असते, त्या ट्रान्स्फर केसमध्ये वस्ताद नेहमी नव्वद नंबरचे साधे तेल भरत. ईश्वरला वाटले, या गाडीला साधे कशाला? दुकानात होते त्यातले सर्वांत भारी तेल त्याने आणले. आजच्या मोठ्या गाड्यांसाठी बनवलेले, गिअरच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसणारे. ते त्याने मनापासून भरले. पुढे डॉक्टरताईंचा निरोप आला, की गिअर इतका हलका कधीच पडला नव्हता. ईश्वर दिवसभर खुशीत होता.

वस्ताद परतले तेव्हा त्याने हे सारे उत्साहाने सांगितले. त्यांनी तेलाचा रिकामा डबा मागून घेतला, त्यावरची अक्षरे वाचली आणि तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी साध्या तेलाचा डबा, पाने आणि तेल भरायचा हातपंप घेऊन ते निघाले आणि ईश्वरलाही त्यांनी बरोबर घेतले.  वाटेत, शिष्याच्या निर्णयाचे कौतुक झालेले वस्तादांना सोसले नाही, असे ईश्वरच्या मनात येऊन गेले, आणि असे मनात आले याचेही त्याला वाईट वाटले.

दवाखान्याच्या अंगणात डॉक्टरताईंनी आश्चर्याने कारण विचारले. वस्ताद म्हणाले, "तेल भरताना आमच्या वर्कशॉपची चूक झाली. ती दुरुस्त करायला आलो आहे."

ईश्वरने मान खाली घातली. वस्तादांनी जीपखाली पसरट भांडे ठेवले आणि पेटीच्या तळाचे बूच उघडले. तेलाची धार पडू लागली.

तेवढ्यात पलीकडच्या पाड्यावरून माणसे एका बाईला झोळीत घालून घेऊन आली. मूल आडवे होते. डॉक्टरताईंनी तपासले आणि बाईला खालच्या रुग्णालयात न्यावे लागेल असे सांगितले. मग त्यांनी जीपकडे पाहिले.  चांगली चालणारी गाडी वस्तादांनी ऐन वेळी उघडून ठेवली होती. बाईचा नवरा झोळीचा बांबू सोडायला तयार नव्हता. तो तसाच खांद्यावर धरून उभा होता.

"ताई, तुम्ही बाईंना गाडीत झोपवा," वस्ताद शांतपणे म्हणाले. "तोवर आमचे होते. ईश्वर, आत जा."

ईश्वर जीपखाली शिरला. वस्तादांनी तळाला बूच बसवले. मग ते बाहेरून पंप मारत होते आणि तो नळी धरून होता.  तेल भरायच्या भोकाच्या काठाशी आले, त्याने तिथले बूच आवळले, आणि डॉक्टरताई, बाई व तिचा नवरा यांना घेऊन जीप उताराला लागली.

अंगणात दोघेच उरले. ईश्वरच्याने राहवले नाही.

"वस्ताद, त्या बाईला काही झाले असते तर? ते तेल वाईट नव्हते. आपल्या बाजारात त्याहून चांगले मिळत नाही."

वस्तादांनी तळाचे काढलेले बूच परत न लावता दुसरे बसवले होते. जुने बूच त्यांनी त्याच्या हातावर ठेवले. त्याच्या टोकाच्या लोहचुंबकाला पोलादाची काळी भुकटी चिकटली होती. मग त्यांनी तेलाचे भांडे उन्हात सरकवून हलकेच हलवले. तेलात बारीक पिवळी चमक तरंगत होती. ईश्वरने बुचाचे टोक तिच्यातून फिरवले. पिवळ्यातला एक कणही त्याला चिकटला नाही.

"पितळ," तो हळूच म्हणाला.

"या पेटीत दातांच्या बाजूला पितळी चकत्या आहेत," वस्ताद म्हणाले. "तुझ्या तेलात जे औषध आहे, ते पोलादाला वाचवते आणि तापले की पितळेला खाते. नव्या गाडीत पितळ नसेल तर ते अमृतच. तेल उत्तम आहे, ईश्वर, आणि तुझी मायाही खरी आहे. पण उत्तम काय, एवढेच तू दुकानात विचारलेस. ही गाडी कशाची बनली आहे, ते विचारायचे राहिले. चकत्या संपून ती एखाद्या नाल्यात उभी राहिली असती, तर आत कोण असते?"

ईश्वरने बूच पुसून भांड्याशेजारी ठेवले. मग त्याने विचारले, "तुम्ही डॉक्टरताईंना वर्कशॉपची चूक का म्हणालात? ती माझी होती."

"कोणते तेल भरायचे ते मी तुला शिकवले. का भरायचे, ते कधी सांगितले नाही. ही चूक माझ्याच घरची."

दिवस मावळण्याआधी जीप परत आली. बाई आणि मूल दोघेही सुखरूप होते. शस्त्रक्रिया करावी लागली होती. डॉक्टरताईंच्या चेहऱ्यावर थकवा होता, तरी त्या हसत होत्या. उतरता उतरता त्या म्हणाल्या, "नाला सहज पार झाला. गिअर मात्र सकाळपेक्षा जड पडतो. काही राहिले का?"

 वस्तादांनी ईश्वरकडे पाहिले.

"नाही ताई," ईश्वर म्हणाला. "चुकीचे तेल मी भरले होते, म्हणून तो तेवढा हलका पडत होता. या गाडीचा गिअर असाच जड असतो. जरा थांबून टाकत जा."

आपल्या माणसांना काही देताना, आधी त्यांची घडण विचारून घ्यावी.