थानबाबाचं सुतक

खाडीवर पूल नव्हता, पलीकडं जायचं तर तरीच्या होडीनं, आणि देशावर राज्य टोपीवाल्यांचं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खारवलीसमोर पाण्यात तो कोट दिसतो ना, आता जिथं सहलीची पोरं भिंतीवर नावं कोरतात, तिथं त्या काळी तुरुंग होता. चोर-दरोडेखोर नव्हते ठेवत तिथं. सरकारला ज्यांची धास्ती, ते राजबंदी ठेवायचे. धास्ती सरकारला, आणि बेड्या मात्र यांच्या पायात. असो.

गावात धाकू न्हावी होता. दर बुधवारी तो धोपटी काखेत मारायचा आणि होडीनं कोटावर जायचा. धोपटी म्हणजे त्याची हत्यारांची पिशवी. शिपाई ती उलटी करून झटकायचे. कैद्यांशी एक अक्षर बोलायचं नाही, असा सक्त हुकूम. आता मला सांगा, न्हाव्याला गप्प बस म्हणायचं म्हणजे काय! गावात लग्नाचं आवतण नेणारा तो, मयताची खबर देणारा तो. धाकूनं तोड काढली. बाहेर चांगली बातमी असली की तो उजव्या गालापासून सुरुवात करायचा, वाईट असली की डाव्या. बाकीचं कैद्यानं फेसाखालून ओठ न हलवता विचारून घ्यायचं. असं म्हणतात, मुलखात कुठं पान हललं तरी ते दुपारच्या आत कोटात कळायचं.

कोटात आपले अकरा जण होते. त्यांचे पुढारी भाई सरमळकर, चालत्या वकिलीवर पाणी सोडून आलेले. आणि बारावा होता परका, ब्रह्मदेशातला. त्याच्या मुलखावरही राज्य टोपीवाल्यांचंच. तिथं त्यानं माणसं उठवली, म्हणून त्याला बोटीत घालून इतक्या लांब आणून टाकलेला. नाव थान. वय झालेलं, म्हणून सगळे थानबाबा म्हणायचे. त्याला बाकीच्यांपासून वेगळा, वरच्या बुरुजात ठेवला होता.

थानबाबाला दाढीच नव्हती. हनुवटीवर मोजून चार केस. शिपाई दात काढायचे, "धाकू, याची रे काय करतोस?" धाकू म्हणायचा, "सरकारनं बारा माणसं लावून दिलीत, अकराच केली तर माझ्यावर ठपका." आणि त्याच्याही गालांना फेस लावून वस्तऱ्याची बोथट बाजू फिरवायचा. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला बातमी तरी मिळावी, एवढंच त्याच्या मनात. तेवढ्यात थानबाबा हळूच चार मराठी शब्द शिकून घ्यायचा. त्याला पहिला शब्द आला तो 'पेज', आणि दुसरी शिवी. शिवी शिपायांनीच शिकवली होती.

मग एका वैशाखात कैद्यांना तेलाच्या घाण्याला जुंपलं. बैलाच्या जागी माणूस. एक जण फिरता फिरता कोसळला, तोंडातून रक्त आलं. त्या दिवशी अकराही जणांनी अन्न सोडलं. थानबाबाला वयामुळं घाण्याला लावलंच नव्हतं. वर त्याच्या सुटकेचा कागद येऊन पडला होता, पाऊस सरला की पहिल्या बोटीनं घरी. जेलरसाहेबानं त्याला बोलावून सांगितलं, "हा त्यांचा तंटा आहे. तू जेव आणि घरी जा."

थानबाबानं ताट बाजूला सारलं. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "साहेब, त्यांच्या मानेवर आहे तोच पाय माझ्या मानेवर. मग तंटा वेगळा कसा?"

साहेबानं सुटकेचा कागद त्याच्या डोळ्यांदेखत फाडला. असं म्हणतात, त्यानंतर बत्तीस दिवस कोटावर चिमणीसुद्धा दाणा टिपायला उतरली नाही. इकडं खारवलीत बायकांनी रात्रीच्या चुली पेटवणं सोडून दिलं. पोरंबाळं तेवढी सकाळची शिळी भाकरी खायची.

तेहेतिसाव्या दिवशी सरकार नमलं. घाणा बंद झाला. राजबंदी म्हणून नीट वागवू, देशावरच्या चांगल्या तुरुंगात पाठवू, असं लिहून दिलं. पण त्या कागदात दोन ओळी होत्या. हे सगळं हिंदी कैद्यांपुरतं, ही एक. आणि बारांतल्या एकानंही उपास चालू ठेवला तर सगळा करार रद्द, ही दुसरी. भाईंनी सही केली. नेमका बुधवार होता. दाढी करून घेता घेता भाई फेसाखालून म्हणाले, "धाकू, वर बुरुजात सांग, जिंकलो. सगळ्यांचं मान्य झालं."

"त्याचं पण?"

"आधी आपलं पदरात पडू दे. मग त्याचं बघू."

बघा हं कसं असतं. जेलरवर थानबाबानं विश्वास ठेवला नसता. शिपायावर ठेवला नसता. धाकूच्या हातावर मात्र त्याचा विश्वास होता, आणि म्हणूनच हे काम धाकूच्या गळ्यात पडलं. बुरुजाच्या पायऱ्या चढता चढता धाकू विचार करत होता. उजवा गाल धरावा तर धडधडीत खोटं. डावा धरावा तर हा म्हातारा आठ दिवसांत जाणार, आणि खालचे अकरा पुन्हा घाण्याला. वर पोचला तर थानबाबाची नुसती हाडं उरलेली. धाकूनं फेस केला आणि उजव्या गालाला वस्तरा लावला. थानबाबानं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग शिपायाला हाक मारून पेजेचा वाडगा मागितला.

अकरा जण देशावर गेले. पुढं सुटले, हारतुरे झाले, मिरवणुका निघाल्या. मग एक दिवस राज्यच आपलं झालं. कोटावर आपला झेंडा चढला, आणि त्या झेंड्याखाली थानबाबा आत तो आतच. साहेब गेला, त्याच्या जागी आपला अंमलदार आला. तो म्हणाला, "याचे कागद आमच्याकडं नाहीत. वरून हुकूम आल्याशिवाय मी कसा सोडू?" काही महिन्यांनी थानबाबाचा मुलूखही सुटला. तिकडच्यांना वाटलं, म्हातारा कधीच मेला असेल.

धाकू मुंबईला गेला. भाई तोवर मंत्री झाले होते. तीन दिवस बंगल्याच्या फाटकाशी बसल्यावर भेट मिळाली. भाई चांगले बोलले, हो, खोटं कशाला सांगू! चहा मागवला, घरची चौकशी केली. मग म्हणाले, "धाकू, माझा जीव तुटतो रे. पण आपण सोडतोय ते आपल्या लढ्यातले कैदी. तो त्या यादीत बसत नाही."

"उपासाला बसला तेव्हा तुम्ही यादी बघितली होती का, भाई?"

धाकूनं चहा तसाच ठेवला आणि उठला.

दुसऱ्या श्रावणात थानबाबानं अंथरूण धरलं. आता पहारा सैल होता, धाकू रोज जायचा, पेज भरवायचा. शेवटच्या दिवशी त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हणाला, "बाबा, तेव्हा मी उजवा गाल धरला ते खोटं होतं. मी तुम्हाला फसवलं."

थानबाबा म्हणाला, "ठाऊक होतं. तुझा हात कापत होता. चांगल्या बातमीला कुणाचा हात कापतो?"

"मग पेज का घेतलीत?"

"तू खोटं बोलायला तयार झालास, म्हणजे त्यांच्या जिवावर बेतलं असणार. मी नसती घेतली तर ते अकरा मेले असते."

त्यानंतर तो त्याच्या बोलीत काहीतरी बोलला. ते धाकूला कळलं नाही, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. थानबाबा तसाच गेला.

अंमलदारानं प्रेत उचलायला होडी दिली नाही, म्हणाला, हुकूम नाही. धाकू स्वतःच्या खांद्यावर घालून खाली उतरला. कोळीवाड्यानं होडी घातली, मुसलमानवाडीनं लाकडं दिली. भरओहोटीची वेळ, धक्क्याशी नुसता चिखल असायला हवा होता. पण असं म्हणतात, चिता विझेपर्यंत खाडीचं पाणी एक वीतही उतरलं नाही. धाकूनं अग्नी दिला आणि सुतक धरलं. त्याचं बघून सगळ्या गावानं धरलं. दहा दिवस खारवलीत कुणाच्या गालाला वस्तरा लागला नाही.

आणि दहाव्या दिवशीच भाई आले. कोटावर संगमरवरी पाटी लावायची होती, अकरा नावांची. बँड आला, पताका आल्या. धक्क्यावर उतरून बघतात तर सगळा गाव दाढी वाढवून उभा.

"कोण गेलं रे?" भाईंनी विचारलं.

कुणीतरी कोटाकडं बोट केलं. भाईंना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. मनापासून म्हणा, चार लोकांसाठी म्हणा, देवाला ठाऊक, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांदेखत धाकूपुढं मांडी घातली. म्हणाले, "धाकू, माझंही डोकं कर. मीही त्याचं सुतक धरतो."

धाकूनं वस्तरा मिटला. "सुतक घरच्या माणसाला असतं, भाई."

मग त्यानं स्वतःच्याच हातानं स्वतःचं डोकं आणि मिश्या उतरवल्या. असं म्हणतात, त्यानंतर तो एकवीस वर्षं जगला, पण डोक्यावर पुन्हा एक केस आला नाही.

पाटी आजही आहे. झेंडावंदनाला तिला हार घालतात, भाषणं होतात, वडे वाटतात. त्याच्याशी खारवलीला काही घेणंदेणं नाही. खारवली दर श्रावणात दहा दिवस सुतक धरते. दहाव्याला धक्क्यावर गावातला एक जण थानबाबाचा मुलगा होतो आणि डोकं उतरवतो. पाळी घराघरानं फिरते, कोळीवाड्यात जाते, मुसलमानवाडीत गेली की तिथला माणूस डोकं न उतरवता पाणी सोडतो. ज्याची पाळी येते तो मुंबईला असला तरी रजा काढून येतो.

सरमळकरांच्या घरचा माणूसही येतो. भाई होते तोवर ते स्वतः यायचे, मग मुलगा, आता नातू. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन धक्क्यावर उघड्या डोक्यानं बसतो. न्हावी येतो, त्याला नमस्कार करतो, आणि वस्तरा न उघडताच पाळीच्या माणसाकडं जातो.