चांगुणेच्या बेटावरचं पाणी

सांभाळून उतरा, कातळ निसरडा आहे. हेच ते चांगुणेचं बेट. पश्चिमेला कडा, पूर्वेला कड्याचा आडोसा, बस्स. झाड नाही, घर नाही. समोरच्या खड्ड्यातलं पाणी चाखून बघा हवं तर. खारट आहे ना? मी नाखवा, जन्म या समुद्रात गेला, पण इथं मुक्काम कधी केला नाही. कुणीच करत नाही.

पूर्वी म्हणे इथं कोळ्यांची चार घरं होती, कारण या खड्ड्यात गोड्या पाण्याचा झरा होता. वादळात सापडलेली होडी, कुठल्याही गावची असो, आडोशाला यायची आणि माणसं पोटभर पाणी प्यायची. भरती आत येऊ नये म्हणून दगडांचा बांध होता. तो दरवर्षी सावरायचं काम, जिच्या नावाचं हे बेट, त्या चांगुणेच्या घराकडे असे.

मग पलीकडच्या किल्लेदाराची नजर इथं पडली. मेल्याने चौकी बसवली आणि हुकूम काढला, माझ्या परवान्याशिवाय पाणी कुणाला द्यायचं नाही. थोड्याच दिवसांत एक भरकटलेली होडी आली. शिपायांनी ती हाकलली. आतली माणसं किनाऱ्याला लागली ती मेलेलीच, असं सांगतात.

चांगुणा पेटली. अमावास्येच्या उधाणाला, भरदुपारी, शिपायांच्या डोळ्यांदेखत ती बांधावर चढली आणि दगड उपटू लागली. सासू ओरडली, "अगं, आपलं घर उठेल!"

"उठू दे! तहानलेल्याला हाकलणारं घर मला नको."

शिपाई धावले, तोवर समुद्र आत घुसला होता. जमादार खेकसला, "आता चौकीने काय प्यायचं?"

"तुमचा परवाना भिजवून प्या!"

काय बाई असेल हो! चौकी उठली. पण चार घरंही उठली. होडीत बसताना चांगुणा ढसाढसा रडली म्हणे, तरी बांध पुन्हा घालू म्हणणाऱ्याला तिने बोलू दिलं नाही. किनाऱ्यावर गेल्यावर तिने हंडा भरला आणि स्वतः वल्हवत आणून या कड्याखाली ठेवला.

आजही इथून जाणारी आमची प्रत्येक होडी कड्याखाली गोडं पाणी ठेवून जाते. मागे एका पाहुण्याने विचारलं, पिणारा कोण, कुठला, तुमच्या जातीचा तरी असतो का? मी त्याला तिथंच झापलं. ते विचारायचं नाही. विचारलं की झाली चौकी सुरू.

चला, काढा तुमच्या बाटल्या.