जेवढा चिरा, तेवढी माती

फार जुनी गोष्ट आहे. समुद्रापासून थोडं वर, उघड्या कातळावर एक गाव होतं. कातळ म्हणजे नुसता तांबडा दगड, नजर जाईल तिथवर सपाट. झाड नाही, झुडूप नाही आणि माती तर औषधालासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, मग माणसं तिथे राहायला गेली कशाला? अहो, खालच्या चांगल्या जमिनीवर आधीच लोक बसलेले होते. मागून आलेल्यांच्या वाट्याला कातळ आला.

आता आलाच आहे तर त्याचंच काहीतरी करू, असं म्हणून त्या लोकांनी घरं बांधायला कातळातून चौकोनी चिरे कापले. चार भिंती उभ्या राहिल्या आणि चिरे काढले तिथे घराशेजारी हा एवढा खड्डा पडला. पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. वाऱ्याबरोबर आलेली मूठभर माती तळाशी बसली आणि कुणाच्या तरी पदरातून सांडलेला भाताचा दाणा तिच्यात उगवला. एका बाईने तो हिरवा कोंब पाहिला आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या. आपलं शेत इथेच आहे की!"

मग काय! डोंगराच्या पायथ्याशी ओढा होता, त्याच्या काठचा गाळ टोपल्या भरभरून घाटाने वर यायला लागला. पालापाचोळा आला, शेण आलं, राख आली. खड्डे भरले आणि त्यांत भात डोलायला लागला. तेव्हापासून गावात एक रीत पडली. घरासाठी जेवढा चिरा काढाल तेवढी माती खड्ड्यात भरायची आणि खड्डा काठोकाठ भरल्याशिवाय घरावर छप्पर चढवायचं नाही. बेताचा खड्डा असला तर अख्खं गाव मिळून भरून देई. बेताबाहेर कुणी खणलंच, तर वरचा हट्ट ज्याचा त्याने आपल्या डोक्यावरून वाहायचा.

दर पावसात थोडी माती धुपून ओढ्याला जायची आणि दिवाळी झाली की गाव ती परत वर आणायचं. पाऊस खाली नेई, माणसं वर आणत. दोघांनीही कधी कंटाळा केला नाही.

अशाने कातळाचं रूप पालटलं आणि माणसांचंही. पिढ्यान् पिढ्या डोक्यावर टोपल्या वाहून तिथल्या बायकांच्या माना ताठ झाल्या होत्या. गर्वाने नव्हे हो, ओझ्याने. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी खड्ड्याच्या काठाशी नेऊन पायताणं झटकायला लावत. मुलगी द्यायची असली तर घर कुणी बघत नसे, खड्डा बघत. आणि पोर सहा-सात महिन्यांचं झालं की त्याचं उष्टावण आपल्याच खड्ड्यातल्या भाताने करत. दुसऱ्याच्या तांदळाने उष्टावण झालेलं पोर त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

या गावात येसू नावाची एक सून आली. ती होती खाली नदीकाठच्या गावची. तिच्या बापाच्या शेतात माती इतकी, की बैल पोटापर्यंत रुतायचे. घराला माडी होती. येसू कामाला वाघीण, मनाने चांगली, पण डोळ्यांसमोरून ती माडी काही हलेना.

लग्नाला दोन वर्षं झाली. सासूचं घर लहान पडायला लागलं, तेव्हा येसू आणि तिच्या नवऱ्याने शेजारीच नवं घर काढलं. नवरा चिरे कापण्यात तरबेज होता.

"तीन खोल्या पुऱ्या," तो म्हणाला.

"आणि वर माडी," येसू म्हणाली. "बाबा कधी आले तर त्यांना दिसू दे, त्यांची लेक काही कुठे उघड्यावर पडलेली नाही."

"अगं, माडीला चिरा किती लागेल! खड्डा केवढा होईल!"

"होऊ दे. भरू आपण. हात काय मोडलेत?"

सासूने ऐकलं. ती म्हणाली, "येसू, अंथरूण पाहून पाय पसरावे बाई." येसू म्हणाली, "हो आत्याबाई." आणि माडी बांधायला घेतली.

चैत्रात पाडव्याला येसूला मुलगी झाली. आनंदीआनंद झाला, पण मातीचं ओझं एकट्या नवऱ्यावर पडलं. गावाने आपल्या रीतीप्रमाणे तीन खोल्यांची माती आणून दिली होती. माडीची बाकी होती. ज्येष्ठ उजाडला तरी निम्मीच माती जमली होती. तेवढी माती त्यांनी काठाला ढीग घालून ठेवली होती, सगळी जमली की एकदम पसरायची म्हणून. मृग आठ दिवसांवर आला. छप्पर नसलं तर तान्ही पोर घेऊन राहायचं कुठे, आणि खड्डा भरला नाही तर छप्पर चढणार नाही. सासूचं घर होतं की शेजारी! पण "माडी झेपली नाही" असं म्हणून तिथेच राहायचं, हे येसूच्या जिवावर आलं.

एका दुपारी सगळं गाव ओढ्यावर गेलेलं असताना येसूचं लक्ष चिऱ्यांच्या कपच्यांकडे गेलं. दगड तासताना निघालेल्या कपच्यांचा घराएवढा ढीग पडला होता. बाजूला वाळलेल्या गवताच्या पेंढ्या होत्या.

"हे तळाला टाकू," ती म्हणाली. "वरून आपली माती पसरू. वरून बघणाऱ्याला भरलेलाच दिसेल."

नवरा दचकला. "आणि कुणी उकरून बघितलं तर?"

"आजवर कुणी कुणाचा खड्डा उकरून बघितलाय?"

ते मात्र खरं होतं. त्या गावात कुणी कुणाचा खड्डा तपासत नसे. अशी लबाडी कुणी करील हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नवऱ्याने दोनदा मान हलवली, तिसऱ्यांदा टोपली उचलली. संध्याकाळपर्यंत खड्डा काठोकाठ दिसायला लागला. गावचे प्रमुख, गावकार आले, काठावर उभे राहिले, म्हणाले, "शाबास रे! एकट्याने केलंस." आणि त्यांनी स्वतः छपराच्या पहिल्या वाशाला हात लावला. येसूला घास गोड लागला नाही त्या दिवशी, पण म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आषाढात लावणी झाली. सगळ्यांसारखाच येसूचाही खड्डा हिरवा झाला. तिला वाटलं, झालं, सुटलो! पण कातळ आणि पाणी, यांना कोण फसवणार? आषाढाच्या शेवटी चार दिवस संततधार लागली. तळाचं गवत कुजलं आणि वरची माती पाण्याबरोबर कपच्यांच्या फटींतून खाली खाली सरकायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी येसू दार उघडून बघते तर शेत मधोमध बसलेलं. भाताची रोपं गढूळ पाण्यात लोळतायत आणि माती कुठे गेली तिचा पत्ता नाही.

बातमी घरोघर पोचली. गावकार धावत आले. त्यांनी खड्ड्यातल्या गढूळ पाण्यात वाकून पाहिलं, तळ काही दिसेना, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"माती खाली गेली," ते म्हणाले. "म्हणजे तळाचा कातळ फुटला. मोठी भेग पडली असणार."

कातळाला भेग पडली म्हणजे ती एका घरापुरती थोडीच राहणार! आज येसूचं शेत गेलं, उद्या शेजारच्याचं जाईल, परवा अख्ख्या गावाचं. शंभर वर्षं डोक्यावरून आणलेली माती भेगेत जाणार!

"सगळे खड्डे तळापर्यंत उकरायला हवेत," गावकार म्हणाले. "भेग सापडली तर बुजवता येईल. उभं पीक जाईल खरं. पण माती तरी वाचेल."

बघा आता, एका येसूच्या लबाडीपायी गाव आपल्या हाताने आपलं ताट पालथं करायला निघालं होतं, आणि कुणाच्या मनात तिच्याबद्दल तसूभरही संशय नव्हता.

येसूची सासू पुढे झाली. तिचा खड्डा येसूच्या घराला लागूनच होता आणि त्या वर्षी भात असा काही आला होता, की दृष्ट लागावी. "माझा आधी उकरा," ती म्हणाली. "सुनेचं शेत गेलंय बिचारीचं. भेग इथूनच गेली असणार." तिने पदर खोचला, कुदळ घेतली, गुडघाभर भातात उतरली आणि कुदळ वर उचलली.

येसूने काखेतली पोर नवऱ्याकडे दिली, धावत जाऊन सासूचा हात धरला.

"आत्याबाई, थांबा! कातळाला काही झालेलं नाही. माझ्या खड्ड्यात माती नाहीच आहे. तळाला कपच्या आणि गवत भरलंय मी. यांचं नाही, माझंच डोकं ते." आणि ती तिथेच चिखलात बसून ढसाढसा रडायला लागली.

कुणीतरी मागून म्हणालं, "आता गं बया!" येसूला वाटलं, आता हे लोक मला घाटाने खाली माहेरी पाठवणार.

सासूने कुदळ खाली घेतली, अगदी जपून, रोपांना धक्का लागू नये अशी.

"पोरीचं उष्टावण कधी?" तिने विचारलं.

"कार्तिकात," येसू हुंदके देत म्हणाली.

"तुझ्या खड्ड्यात भात उरलाय का?"

"नाही."

"मग बसलीस काय? ऊठ. तुला मी बोलणार आहे, सोडणार नाही, चांगली फाडून खाणार आहे. पण ते पावसाळ्यानंतर. आता वेळ नाही." आणि गावकारांकडे वळून ती म्हणाली, "आमच्या घरातल्या पोराचं उष्टावण उसन्या तांदळाने होणार नाही. बोला, काय करायचं?"

गावकारांनी डोक्यावरचं इरलं सारखं केलं. ते रागावले होते, ते दिसतच होतं. "आधी हिने कपच्या काढाव्यात," ते म्हणाले. "सगळ्या. मग बघू."

येसूने कपच्या काढल्या. तीन दिवस, भर पावसात, टोपलीमागून टोपली. हात सोलवटले. सासू पोरीला मांडीवर घेऊन दारात बसून बघत होती आणि मधूनच म्हणत होती, "कोपऱ्यातली राहिली बघ." शेवटी तळ मोकळा झाला आणि फटींतून खाली गेलेली निम्मी माती तिथेच साचलेली सापडली. कातळाने तीसुद्धा सांभाळून ठेवली होती.

चौथ्या दिवशी सकाळी दाराशी बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली, टोपलीत आपल्या खड्ड्यातली माती आणि मातीत ढेकळासकट उभी भाताची रोपं. आपल्या तोंडचा घास होता तो. येसूचं सोडून गावात तीस घरं होती आणि तीसच्या तीस टोपल्या आल्या. खड्डा तेवढ्याने कुठला भरतोय! पण जुनी माती आणि नवी माती मिळून एक कोपरा भरला. त्याला बांध घातला. तिसांची रोपं शेजारी शेजारी उभी राहिली, कुणाची उंच, कुणाची ठेंगू, कुणाची जरा पिवळट.

येसू एकेकीच्या पाया पडत होती. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या काय पाया पडतेस? माझ्या खड्ड्यात माझी माती आहे असं वाटतं की काय तुला? माझ्या सासूने आणली, तिच्या सासूने आणली. त्यांच्याआधीच्यांची तर नावंही मला ठाऊक नाहीत. मी आपली एक टोपली पुढे दिली." येसूने त्या तांबड्या चिखलाकडे पाहिलं. ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत त्या सगळ्या बायका आपल्या पोरीसाठी हा घाट चढून आल्या होत्या, असं तिला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला.

दसरा झाला आणि येसूने स्वतः नवऱ्याला सांगितलं, "माडी उतरवा." चिरे एकेक करून खाली आले आणि खड्ड्याच्या रिकाम्या भागात तळाला चपखल बसले. बसणारच, तिथूनच तर काढले होते! फट म्हणून राहिली नाही. त्यावर माती घालायला दिवाळीनंतर येसू सगळ्यांत आधी ओढ्यावर हजर झाली आणि गावही मागोमाग आलं. सासूनेही आपला शब्द पाळला. आठ दिवस ती येसूला मनसोक्त बोलली, आणि नवव्या दिवशी तिच्यासाठी, डोक्यावर टोपलीखाली ठेवायला, आपल्या लुगड्याची मऊ चुंबळ करून आणली.

कार्तिकात उष्टावण झालं. येसूचे वडील नातीला बघायला घाट चढून, धापा टाकत आले. त्यांनी घराकडे पाहिलं.

"येसू, माडी होती म्हणालीस ना गं? घर लहान झालं की!"

"हो बाबा," येसू म्हणाली. "पण खड्डा भरत आलाय."

बापाला काही कळलं नाही. त्याने कोपऱ्यातल्या भाताची कापणी झालेली पाहिली, पाटावर तांदळाची वाटी पाहिली, भोवती जमलेलं सगळं गाव पाहिलं. येसूने आधी खड्ड्याला हात जोडले, मग गावाला, आणि मऊ भाताचं एक शीत पोरीच्या ओठांना लावलं. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं आणि मिटक्या मारत गिळून टाकलं. तीस घरांच्या माणसांत एकच हशा उठला, कारण ते शीत नेमकं कुणाच्या रोपाचं, यावर बायकांची आधीच जुंपली होती.

बैल रुतण्याइतक्या मातीचा तो धनी उठून खड्ड्याच्या काठाशी गेला. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि त्यांना लागलेली नदीकाठची काळी माती नीट झटकून लेकीच्या शेतात टाकली.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनोही, या गोष्टीचं तात्पर्य: जमीन आपल्याला घडवते आणि आपण जमिनीला; म्हणून तिच्यातून जेवढं काढू तेवढं तिला खरेपणाने परत द्यावं, आणि ज्यांनी आपल्याआधी टोपल्या वाहिल्या त्यांची आठवण ठेवून एक टोपली पुढच्यांसाठी वाहावी.