हार घातलेलं पातं

एका गावात एक गजराबाई होती, आणि गजराबाईपेक्षा तिचं गवत जास्त नावाजलेलं होतं.

गाव मोठ्या रस्त्याला लागून. रस्त्याकडेच्या काळ्या रानात गजराबाईनं लग्नाचं लॉन काढलं होतं. बाकीचे शेतकरी ज्या हरळीला शिव्या घालून उपटतात, तीच हरळी हिनं काडी काडी लावून वाढवली. तेव्हा तिची भाची कावेरी एवढीशी होती. चिखलात बसून मावशीच्या हातात काड्या देत होती. गजराबाई तिला म्हणाली, "पोरी, तुझं लगीन ह्याच गवतावर लावीन. आन् अशी हिरवळ करीन, की पाहुणे आपणहून चपला काढतील!"

बाई शब्दाची पक्की होती. तोंडाचीही पक्की होती.

हिरवळीचं वर्ष ठरलेलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. मग पार उन्हाळाभर गवत तुडवलं जायचं. चातुर्मासात मुहूर्त नसायचे. तेव्हा गवत विसावा घ्यायचं, अंग धरायचं. गजराबाईचा नवरा निवृत्ती हातानं ढकलायचं यंत्र घेऊन सावकाश फिरायचा. पाऊस उघडला, पानं सुकली, की शेंडे तेवढे उतरवायचे. खर्रर्र, खर्रर्र. ओल्यात यंत्र घालायचं नाही. मुळापर्यंत भादरायचं नाही. पात्याची धार जायच्या आत कानस मारायची. बस्स, एवढंच.

मग एका पावसाळ्यात रस्त्यापलीकडे रंगनाथअप्पांनी लॉन काढलं. गजराबाईच्या दुप्पट! आणि गवत कापायला पेट्रोलवरचं यंत्र आणलं. भुर्रर्र करून ते सुरू झालं की गजराबाईच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. त्याहून जास्त गजराबाई थरथरायची.

"ऐकलंत का?" ती निवृत्तीला म्हणाली. "त्याचं बोलतंय आन् आपलं खाकरतंय!"

"गवताला आवाज लागत न्हाई, कारभारणी," निवृत्ती म्हणाला. "धार लागते."

पण बाई कुठली ऐकते! त्याच वर्षी कावेरीचं लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त. मुलाची आई इंदुमतीबाई तालुक्याच्या गावची, डोळ्यांत तेल घालून बघणारी. तिनं कळवलं होतं, "कोजागरीला येऊन जागा बघते. हिरवळ पसंत पडली तर लग्न तिथं. नाहीतर समोर अप्पांचं लॉन आहेच."

भाचीचं लग्न आणि अप्पांच्या दारात? गजराबाईनं पुढ्यातलं ताट सरकवलं.

गणपती गेले आणि तालुक्याला शेतीचं प्रदर्शन भरलं. गजराबाई नवऱ्याला ओढत घेऊन गेली. तिथं गवत कापायची यंत्रं मांडलेली. ढकलायची, ओढायची, पाठीला बांधायची. आणि मध्यभागी एक लालभडक, चार चाकांचं, वर बसायला खुर्ची असलेलं! ते यंत्र गजराबाईच्या डोळ्यांत भरलं.

विकणाऱ्यानं रीतसर विचारलं, "ताई, रान काळं का मुरमाड? कोपरेकापरे किती? पाणी साचतं का?"

"ते तुला कशाला पायजे? तू काय सोयरीक करतोस व्हय?" गजराबाई म्हणाली. "आमच्या समोरच्या अप्पाच्या यंत्रापेक्षा मोठं कुठलं, तेवढं दाव!"

त्यानं लाल यंत्राकडं बोट केलं. तो तरी काय करणार?

"अगं, हे यंत्र हाय का रथ?" निवृत्ती म्हणाला.

"रथच हाय. तुम्ही चालत या!"

हलगी लावून यंत्र गावात आणलं. गजराबाई वर, डोक्यावर पदर, पायांत नवऱ्याचे बूट. अख्खा गाव रस्त्यावर! बायकांनी ओवाळलं. रंगनाथअप्पा आपल्या फाटकात उभे राहून म्हणाले, "वहिनी, आता गवताला पळायला जागा न्हाई!" आणि गजराबाईला हे कौतुक वाटलं.

पाऊस नुकताच थांबला होता. गवत ओलंचिंब. निवृत्ती म्हणाला, "उद्या ऊन पडू दे." पण माणसं आज जमली होती. उद्या कोण येणार? गजराबाईनं चावी फिरवली. धडधडत यंत्र हिरवळीवर चढलं, आणि टाळ्या पडल्या!

टाळी वाईट. टाळीची चटक लागते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीची माणसं बघायला आली, तिनं पुन्हा यंत्र फिरवलं. मग बचत गटाच्या बाया आल्या, पुन्हा फिरवलं. गवत वाढलंय का, सुकलंय का, कुणी विचारलं नाही. दगडगोट्यांवर पातं ठणाणा आपटायचं. यंत्राच्या वजनानं काळ्या मातीत चाकोऱ्या पडल्या. हरळी बिचारी रोज डोकं वर काढायची आणि रोज मुंडण व्हायचं.

खंडेनवमी आली. घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. दर वर्षी गजराबाई विळीला, खुरप्याला आधी धार लावून घ्यायची, मग कुंकू लावायची. या वर्षी वेळ कुठं होता? सगळा दिवस लाल यंत्राला सजवण्यात गेला. झेंडूचे हातभर हार, आंब्याची डहाळी, नारळ, पेढे. पात्याला बोटभर कुंकू लावलं. ढकलायचं जुनं यंत्र गोठ्यात पोत्याखाली पडलं होतं. त्याला फूलही मिळालं नाही.

दसऱ्याला बहीण शेवंता, म्हणजे कावेरीची आई, आली. आल्या आल्या तिनं हिरवळ बघितली आणि कपाळाला हात लावला. कुठं पिवळी, कुठं उघडी माती, आणि बाकी गवताचे शेंडे पांढरट, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे.

"गजरे, हे काय केलंस गं? कोजागरीला विहीणबाई येणार!"

"खत कमी पडलं आसंल," गजराबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"खत घालून चार दिवसांत हिरवं होतंय का? त्यापेक्षा हिरवा रंग आण. पंपानं फवार. सांजच्याला कुणाला कळतंय?"

गजराबाईनं पाठ फिरवली. स्वयंपाकघरात जाऊन विळीवर बसली. दसऱ्याचं जेवण करायचं होतं. कोथिंबिरीची जुडी घेतली आणि चिरायला लागली. विळी कापेनाच! पानं चेंगरत होती, तुटत होती, हाताला हिरवं पाणी लागत होतं. बघता बघता कोथिंबिरीचा काळा लगदा झाला. विळीच्या कपाळावर मात्र हळदकुंकू कसं झळकत होतं!

गजराबाईनं लगद्याकडं बघितलं. आणि ताडकन उठली.

मूठभर कोथिंबीर हातात तशीच घेऊन ती बाहेर धावली. शेवंता ओरडली, "अगं, जेवण!" गजराबाई हिरवळीवर जाऊन बसकण मारून बसली. गवताचं एक पान तोडून डोळ्यांजवळ धरलं. शेंडा कापलेला नव्हता. फाटलेला होता. चेंगरून, ओढून, चिंध्या केलेला होता. हातातल्या कोथिंबिरीसारखाच.

"अवो!" तिनं हाक मारली, ती रस्त्यापलीकडं ऐकू गेली. "अवो, ह्याला कापलं न्हाई मी! ह्याला चावलंय!"

निवृत्ती आला. खाली बसला.

"तुमाला कळत व्हतं, तर बोलला का न्हाई?"

"बोललो व्हतो की," निवृत्ती म्हणाला. "पण रथावरच्या माणसाला खालचं ऐकू येत न्हाई."

एरवी एवढ्यावर गजराबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिनं आपल्याच थोबाडीत मारून घेतली, आणि उठून कामाला लागली. कुढत बसणारी ती बाई नव्हतीच.

कोजागरी आली. इंदुमतीबाई गाडीतून उतरल्या. शेवंतानं रंगाची पुडी खरंच आणली होती, पाण्यात कालवून पंप भरून ठेवला होता. "अजून वेळ हाय, गजरे," ती दातांत पुटपुटली. गजराबाईनं पंप उचलला, आणि सगळं पाणी गटारात ओतलं. मग विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, गवत आजारी हाय. रोगानं न्हाई, माझ्या फुशारकीनं. चांगली धार सोडून मोठं धूड आणलं. तुळशीच्या लग्नाला या. तवर हिरवं न्हाई झालं, तर मी सोता अप्पाच्या दारात मांडव घालीन, आन् पाहुण्यांना पाणी देईन."

इंदुमतीबाईंनी चाकोऱ्या बघितल्या. गटारातलं हिरवं पाणीही बघितलं. "मी अप्पांची जागा धरून ठेवते," त्या म्हणाल्या. "पण येऊन बघीन."

शेवंता रडायला लागली. गजराबाईनं पदर खोचला.

लाल यंत्र तिनं तालुक्याच्या शाळेला देऊन टाकलं. तिथलं मैदान मुरमाड, कोरडं, मोकळं, लांबच लांब. तिथं ते झकास चाललं. शेवटी यंत्राचा तरी काय दोष? म्हैस विहिरीत उतरवली तर म्हशीला कोण शिव्या देईल? जुनं यंत्र पोत्याखालून निघालं. निवृत्तीनं पात्याला अशी कानस मारली की त्यावर कागद धरला तर दोन तुकडे. चाकोऱ्यांत चाळलेला गाळ आणि मुरलेलं शेणखत भरलं. त्यात हरळीच्या काड्या रोवल्या, पहिल्यासारख्याच, एकेक हातानं. सकाळी पाणी. फाटलेले शेंडे अलगद उतरवले. आणि मग सगळ्यात अवघड काम सुरू झालं. काहीच करायचं नाही! गवताला नुसतं पडू द्यायचं.

नेमका तेव्हाच पुढाऱ्याचा माणूस दारात आला. साहेबांचा वाढदिवस. मोठी पंगत, मोठा डीजे, मोठे फलक. "लॉन पाहिजे," तो म्हणाला. मागणं नव्हतं ते, हुकूम होता.

"मिळायचं न्हाई," गजराबाई म्हणाली. "गवत निजलंय."

"काय?"

"निजलंय! तुमी विणीला आलेली म्हैस गाड्याला जुंपता का?"

"बाई, कुणाला नाही म्हणताय, कळतंय ना? पुढं कामं पडतील तुमची."

"पडू देत. मी उचलीन. तुमी आवाज कमी करा, जागं व्हईल ते!"

माणूस पाय आपटत निघाला, तो सरळ रस्ता ओलांडून अप्पांकडं गेला. अप्पांनी हसत फाटक उघडलं. त्या दिवशी अप्पांच्या हिरवळीवर ट्रक चढले, चुली पेटल्या, हजारो बूट नाचले. निवृत्तीनं बायकोकडं हळूच बघितलं. ती दात-ओठ खात होती, पण फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला.

आणि मग हरळीनं ऐकलं! आधी चाकोऱ्यांत पोपटी ठिपके दिसले. मग ठिपक्यांना पाय फुटले. एका काडीनं दुसरीचा हात धरला. गजराबाई पहाटे उठून बघायची आणि नवऱ्याला हलवून उठवायची, "अवो, आली! बांधापर्यंत आली!" जणू घरात पाळणा हलला होता.

तुळशीचं लग्न झालं. इंदुमतीबाई बघायला आल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थांबल्या. खाली बघितलं. मग वाकल्या, आणि चपला काढून हातात घेतल्या.

"मांडव घाला," त्या म्हणाल्या.

शेवंतानं बहिणीला मिठी मारली, तशा दोघी गवतावर आडव्या!

लग्नाच्या दिवशी वाजंत्री वाजत होती, अक्षता उडत होत्या. कावेरी नवरीच्या वेशात अनवाणी आली आणि ओरडली, "मावशी, पायाला गार लागतंय गं!" एका जागी, जिथं यंत्र सगळ्यात जास्त रुतलं होतं, तिथं गवत अजून विरळ होतं. गजराबाईनं तिथं ना कुंडी ठेवली, ना सतरंजी टाकली. दिसू दे म्हणाली. आणि फाटकाबाहेर चपलांचा हा ढीग! पाटी नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं.

जेवायला रंगनाथअप्पाही आले. त्यांच्या लॉनवर आता नुसता चिखल वाळला होता, आणि हातचं पहिलं लग्न इकडं आलं होतं. चपला काखेत धरून ते गजराबाईजवळ आले.

"वहिनी, ते तुमचं खाकरणारं यंत्र... चार दिवस द्याल का?"

सगळ्यांना वाटलं, आता बाई अप्पांना सोलून काढणार. गजराबाईनं त्यांच्या ताटात जिलेबी वाढली.

"देईन की, अप्पा. पण आदी तुमच्या गवताला निजू द्या. ते जागं झालं की न्या. आन् परत आणाल तेव्हा धार लावून आणा. हार नको!"

तात्पर्य: राबणाऱ्याला विसावा द्यावा आणि कापणाऱ्याला धार, नुसता हार घातल्यानं दोघांचंही भागत नाही. आणि हत्यार निवडताना शेजाऱ्याचं अंगण मोजू नये, आपली माती बघावी.