धाग्याचे दुसरे टोक

एका जंगलात ओढ्याच्या वळणावर भोकरीचे झाड होते आणि त्या झाडावर एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे शिंपी पक्ष्याची मादी. मुठीत मावेल एवढी, शेपटी सदा उभी आणि चोच सुईसारखी टोकदार. मुलांनो, तिचे काम तुम्ही जवळून पाहिले नसेल, तर आधी तेच ऐका. ती झाडावरचे जिवंत पान निवडते, त्याच्या दोन्ही कडा एकमेकींजवळ ओढते, चोचीने भोक पाडते आणि त्यातून सावरीच्या कापसाचा पीळ आरपार नेते. बाहेर आलेले टोक ती पिंजते, म्हणजे त्याचा छोटा गोंडा होतो आणि टाका मागे सरकत नाही. मग दुसरे भोक, दुसरा पीळ, दुसरा गोंडा. प्रत्येक टाका वेगळा असतो. एखादा निसटला, तरी शेजारच्याला त्याची खबरही लागत नाही. असा पानाचा द्रोण झाला की आत कापूस अंथरायचा आणि अंडी घालायची.

हे काम फार सावकाश होते. शिंपिणीला त्याचे काही वाटत नसे. शिवताना ती एक सूर गुणगुणे आणि प्रत्येक टाक्याला तो सूर तुटे, कारण गायला आणि शिवायला चोच एकच. तिच्या पिल्लांना पुढे ते गाणे तसेच तुटक येई आणि त्यांना वाटे, गाणे असेच असते.

त्या ओढ्याकाठी एक रीत होती. कुणी घरटे बांधायला घेतले की शेजारी घर बघायला येत. शिंपिणीचा द्रोण अर्धा शिवून झाला होता, फक्त तळ आणि थोड्या बाजू, तेव्हा सगळे आले. बुलबुलीने तुरा तिरका करून पान खालून-वरून पाहिले आणि टाके चांगले आहेत असे सांगून ती पुढे म्हणाली, "पण हे गोंडे काय ग? पानाला फोड आल्यासारखं दिसतंय."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसला तो समोरच्या बाभळीवरचा विणकर. लोक त्याच्या जातीला सुगरण म्हणतात, पण घरटे विणतो तो नरच. डोके पिवळेधमक, आणि बोलणेही तसेच. "टोकं आत वळवावीत, शिंपीणबाई," तो म्हणाला. "माझ्या विणीत एक टोक दाखवून द्या."

शिंपीणही काही कमी नव्हती. "गेल्या साली तुमच्या विणीतलं टोक शोधायलासुद्धा कुणी मादी आत शिरली नाही म्हणे," ती म्हणाली. पुन्हा सगळे हसले, विणकर सोडून. पण पाहुणे गेले आणि शिंपीण एकटीच पानासमोर बसली. आता तिलाही ते गोंडे फोडांसारखे दिसू लागले. मघापर्यंत दिसत नव्हते.

ओढ्यापलीकडे एक बेहड्याचे झाड होते. आतून पोकळ, बाहेरून हिरवे. त्याच्या सावलीत कुणी बसत नसे, आणि त्याच्यावरून उडताना बडबड्या मैनाही गप्प होत. वैशाखातल्या एका टळटळीत दुपारी, वारा पडला असताना, शिंपीण तिथे गेली. गोंडे न पडणारा धागा तिथे मिळतो, असे तिने ऐकले होते. खोडाच्या पोकळीत धुके साठावे तसे काही पांढरे दिसत होते. डोळे सरावल्यावर कळले की तो धागा होता. जाळे नव्हे. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या गुंडाळून ठेवलेली लडीवर लड होती आणि तिच्यामध्ये एक म्हातारा कोळी बसला होता.

"ये लेकी," कोळी म्हणाला. "गोंड्यांचं ऐकलं मी."

तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. कुणी सांगितले, असे तिने विचारले, तेव्हा कोळी म्हणाला, "धाग्याला ऐकू येतं."

शिंपिणीच्या आईने तिला एक गोष्ट बजावून ठेवली होती. कोळ्याने सोडून दिलेल्या जाळ्याचे तुकडे खुशाल घ्यावेत, पण ज्या धाग्यावर कोळी बसला आहे, त्याला चोच लावू नये. शिंपिणीला ते आठवले. पण तेवढ्यात कोळ्याने धागा तिच्यासमोर सोडला. केसाहून बारीक, दुधासारखा पांढरा, चिकटपणा नावाला नाही. चोचीत धरल्यावर मात्र तो गार लागला. भर वैशाखात, भर दुपारी, ओढ्याच्या तळच्या दगडासारखा गार.

"बदल्यात काय देऊ?" तिने विचारले.

"काही नको. फक्त तोडू नकोस. एकाच धाग्याने शिव."

"आणि याचं दुसरं टोक?"

"ते राहू दे माझ्यापाशी," कोळी म्हणाला. "मी सांभाळतो."

शिंपीण धागा घेऊन उडाली. मागे लडी आपोआप उलगडत होती आणि तिला जराही ओझे वाटत नव्हते. तळाचे टाके उसवून सगळेच नव्याने शिवावे असे तिला वाटले, पण तळ कुणाला दिसणार होता? तिने तो तसाच ठेवला आणि वरचा द्रोण शिवायला घेतला. पीळ करायला नको, पिंजायला नको, थांबायला नको. धागा भोकाकडे आपणहून जाई, तिने फक्त चोच टेकवायची. ऊन कलण्याआधी द्रोण पुरा झाला. शिवण पानाच्या शिरेसारखी सरळ होती, एक टोक बाहेर नाही. त्या कामात ती एकदाही गुणगुणली नव्हती. मात्र काम थांबल्यावर तिला एक बारीक गुणगुण ऐकू आली, न तुटणारी. ती पानातून येत होती.

शेजारी पुन्हा घर बघायला आले. बुलबुलीला काही खोड काढता येईना. तिने शिवणीला गाल लावून पाहिला आणि "गार आहे ग," एवढेच ती म्हणाली. विणकराच्या घरट्याचेही त्या दिवसांत फार कौतुक होत होते. त्याला पावसाची आणि हिरव्या गवताच्या पात्यांची वाट पाहायची नव्हती. शिंपिणीच्याही आधी तो बेहड्यावर जाऊन आला होता आणि अख्खे घरटे त्याने त्या धाग्याचेच विणले होते. पांढरेशुभ्र, बाभळीला टांगलेले, अगदी डौलदार. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले, तर दोन चकाकणाऱ्या रेषा ओढ्यावरून बेहड्याकडे जाताना दिसत, एक भोकरीपासून, एक बाभळीपासून. पाहणारे म्हणत, किती सुंदर. सुंदर म्हटले की पाहणाऱ्यांचे काम संपते. ती रेष कुठे जाते हे पाहायचे काम ज्याने शिवले त्याचे असते, आणि शिंपिणीने ते केले नाही.

तिने अंडी घातली, उबवली, पिल्ले निघाली. उघडी, गुलाबी, नुसत्या चोची. आणि मग तिला काही गोष्टी जाणवू लागल्या. वारा नसला तरी पान हलत असे, आणि हलत असे ते नेमके पिल्ले चिवचिवली की. शिवण भर उन्हातही तापत नसे. एका दुपारी ती अळी शोधत ओढ्यापलीकडे गेली असताना तिला आपल्या पिल्लांचा आवाज ऐकू आला. तोच आवाज, तशीच भुकेली चिवचिव. पण भोकर तर मागे राहिली होती. आवाज बेहड्याच्या पोकळीतून येत होता. कुणीतरी तो हळूहळू, पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते, पाठ करावा तसा.

ती घाबरून विणकराकडे गेली. तो आपल्या घरट्याच्या दारात बसून पंख साफ करत होता. तिने सगळे सांगितले आणि तिथे राहू नका असे विनवले. विणकराने ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "तुम्हाला चांगलं काही सोसत नाही, शिंपीणबाई. जा, गोंडे शिवा." मग तो आत गेला. शिंपीण परतली, पण पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते, त्यांना हलवणार कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी जंगल एकदम गप्प झाले. शिंपिणीने बाभळीकडे पाहिले. घरटे होते, पण त्याला दार नव्हते. ती जवळ गेली, भोवती फिरली. जिथून विणकर आत-बाहेर करत असे, तिथे आता सलग वीण होती, इतकी सफाईदार की कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू नये. तिने हाका मारल्या. घरट्यातून उत्तर आले नाही. उत्तर आले ते ओढ्यापलीकडून, बेहड्यातून, विणकराच्याच आवाजात, विणकराच्याच तोऱ्यात:

"माझ्या विणीत एक टोक दाखवून द्या."

शिंपिणीने घरटे फोडायचा प्रयत्न केला. पण फोडायचे कुठे? गवताचे एक पाते त्यात नव्हते, काडी नव्हती, विणकराचे स्वतःचे असे काही नव्हते. होता तो सगळा धागा, आणि त्या धाग्यावर चोच चालत नव्हती. तेवढ्यात तिला आपली पिल्ले आठवली.

ती भोकरीवर पोहोचली तेव्हा द्रोणाचे तोंड अर्धे मिटले होते. झोप आलेल्या डोळ्याची पापणी मिटावी तसे, घाई न करता. धागा ताणला जात होता आणि पानाच्या कडा एकमेकींवर येत होत्या. आतून चार चोची वर उघडल्या होत्या आणि त्यांच्यावरचे आकाश चिंचोळे होत चालले होते. शिंपिणीने एक टाका धरून ओढला. धागा एकच होता. तो टाका ओढताच बाकीचे सगळे आवळले. तिने धागा चोचीत धरून तोडायला पाहिले. तो तुटला नाही, आणि शिवणीतून, अगदी तिच्या कानाशी, तो म्हातारा आवाज आला.

"तोडू नकोस, लेकी."

शिंपीण क्षणभर थांबली. ती शिवण तिच्या आयुष्यातले सर्वांत देखणे काम होते. ती पाहायला शेजारी मुद्दाम पुन्हा आले होते. मग तिला दिसले की धागा कोळ्याचा आहे, पण पान कोळ्याचे नाही. धागा तोडता येत नसला, तरी पान फाडता येते. तिने शिवणीला लागून चोच खुपसली आणि पान टराटरा फाडत गेली, एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर. हिरवा रस तिच्या चोचीवरून ओघळला. शिवलेली अख्खी पट्टी द्रोणापासून सुटली आणि त्याच क्षणी ओढली गेली. धागा, त्याला धरून राहिलेली पानाची हिरवी किनार आणि ती सरळ, सुंदर, निर्दोष शिवण ओढ्यावरून सळसळत बेहड्यात शिरली. आतून बराच वेळ धागा गुंडाळल्याचा आवाज येत राहिला.

वरचा द्रोण गेला होता. पिल्लांचा भार आता नुसत्या तळावर आला आणि पान खाली झुकले. तळाला होते तिचेच जुने टाके, कापसाचे, फोडांसारख्या गोंड्यांचे, ज्यांना सगळे हसले होते तेच. एक गोंडा सुटला. पण शेजारच्या टाक्याला त्याची खबरही लागली नाही. त्याच्या शेजारच्यालाही नाही. पिल्ले तिथेच राहिली.

शिंपीण उडाली आणि सावरीचा कापूस घेऊन परत आली. एक भोक, एक पीळ, एक गोंडा. तिने फाटक्या पानाला शेजारचे पान जोडले. शिवता शिवता तिच्याही नकळत ती गुणगुणू लागली आणि टाक्यागणिक सूर तुटू लागला. आतून पिल्लांनीही तो तसाच, तुटक, धरला. या वेळी पान गुणगुणत नव्हते.

बाभळीवरचे पांढरे घरटे आणखी काही दिवस लोंबत होते. मग एका दुपारी, वारा पडला असताना, ते नाहीसे झाले. फांदीवर एक पिवळे पीस तेवढे अडकून राहिले.

पाऊस आला, गवत वाढले, पिल्ले मोठी झाली. पुढच्या वैशाखात शिंपिणीची एक लेक भोकरीच्या पानावर पहिले टाके घालत होती. ती मागे सरून आपल्या कामाकडे पाहत म्हणाली, "आई, हे गोंडे बाहेरून दिसतात ग."

"दिसू देत," शिंपीण म्हणाली. "टाका कुठे संपतो ते तुला ठाऊक असायला हवं."

वारा पडला होता. ओढ्यापलीकडे बेहड्याच्या पोकळीतून कुणीतरी तोऱ्यात काहीतरी म्हणाले. लेकीने मान वळवली, पण शिंपिणीने तिच्या चोचीत कापसाचा पीळ दिला, आणि ती पुन्हा शिवू लागली.

तात्पर्य : काम लवकर व्हावे आणि लोकांनी वाहवा करावी म्हणून उसना धागा घेऊ नये, त्याचे दुसरे टोक ज्याच्या हाती असते, घर अखेर त्याचेच होते. आपले टाके ओबडधोबड असले तरी चालतील, पण ते आपलेच असावेत.