दोन पातेल्यांतली आमटी

साल नीट आठवत नाही. माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही. आमच्या पाककला महाविद्यालयानं अनुभवी आचाऱ्यांना तीन वर्षांची पदवी एका वर्षात द्यायचं ठरवलं होतं. मुलाखत घ्यायला प्राचार्यांसोबत मीही होतो, तेव्हा चंद्राबाई धोपेश्वरकर आल्या. त्यांनी बावीस वर्षं देवस्थानात महाप्रसाद रांधला होता. आता पदवी नसेल, तर तिथल्या स्वयंपाकघराचं प्रमुखपद दुसऱ्याला जाणार होतं.

अर्ज वाचून प्राचार्य दाभाडे हसले. "चाखल्याशिवाय स्वयंपाक करता? मग मीठ कसं कळतं?"

"नैवेद्याआधी चाखायचं नसतं, साहेब. मीठ वासानं कळतं."

"असं? या दोन पातेल्यांपैकी एकात मीठ आहे. कुठल्या, ते सांगा. चुकलात तर बसा तीन वर्षं पोरांबरोबर!"

मीठ दोन्हींत नव्हतं. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो. चवीच्या रसायनावर मी डॉक्टरेट मिळवली होती, पण घरी आमटीत मीठ किती घालायचं ते बायकोला विचारावं लागे. या बाईंनी हरावं, असं मला मनापासून वाटत होतं.

बाईंनी दोन्ही झाकणं उचलून वाफ हुंगली. "दोन्ही अळणी आहेत."

"एकात मीठ आहे, असं मी म्हणालो ना?"

"तुम्ही म्हणालात, साहेब. आमटी तसं म्हणत नाही."

दाभाड्यांनी त्यांच्या प्रवेशअर्जावर सही केली. मी अभिनंदनही न करता जळफळत घरी गेलो.

निवृत्तीनंतर प्रयोगशाळेत मोजून पाहिलं. मीठ पडलं की आमटीच्या वाफेतला वास खरोखरच वाढतो.