मोरीवरचा देव

जनावरांच्या त्या राज्यात तळे काठोकाठ भरलेले होते आणि तळ्याखालची शेते तहानेने तडकली होती.

तळ्याला मातीचा बांध होता. बांधाच्या पोटातून एक मोरी काढलेली होती आणि मोरीच्या तोंडाशी, खाचेत, एक काळा धोंडा बसला होता. त्याचे काम साधे होते. सकाळी कोणीतरी यायचे, ढुशी देऊन त्याला बाजूला सारायचे. पाणी पाटाने शेतात जायचे. संध्याकाळी त्याला परत खाचेत लोटायचे; पाणी तळ्यात राहायचे. बाजूला होणे आणि जागेवर येणे, एवढेच त्याला येत होते, आणि ते चांगले येत होते. पिढ्यान् पिढ्या शिंगे लागून त्याच्या कुशीला खोलगा पडला होता. त्या खोलग्याचा त्याला अभिमान होता.

मग एका वर्षी असा पाऊस झाला की आसपासचे सगळे बांध वाहून गेले. हा टिकला. टिकला तो ज्यांनी माती नीट चोपली त्यांच्यामुळे. पण ते कधीच मेले होते आणि धोंडा समोर दिसत होता. गाढवाने कुठूनसा तेलात कालवलेला शेंदूर आणला आणि धोंड्याच्या कपाळाला लावला. धोंड्याला बरे वाटले. खोटे कशाला सांगा? आजवर नुसत्या ढुशाच खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सारायला कोणी आले नाही. देवाला शिंग कोण लावणार?

पाट कोरडा पडला. पाट कोरडा पडला म्हणून सगळे देवाकडे पाणी मागायला आले. आले ते शेंदूर लावून गेले. थरावर थर चढले, तसा फटीतून जो ओघळ झिरपत होता तोही बुजला. मग आणखी नवस, आणखी शेंदूर. वर तळे डुचमळत होते. ते सगळ्यांना दिसत होते. देवाने पाणी पोटात धरून ठेवले आहे, प्रसन्न झाला की सोडील, असे ते एकमेकांना सांगत.

धोंडा बरेच दिवस गप्प राहिला. आपोआप कळेल, असे त्याला वाटले. कळले नाही. तेव्हा तो बोलला.

देवाचे बोलणे समजून घेण्याचा मान तिघांकडे होता. घोरपड पूजा करी. ती बांधाला जी चिकटली ती सुटायचे नाव काढत नव्हती. साळुंकी देवाच्या कथा सांगे. कासव देवाविषयी विचार करी, आणि त्यासाठी मान आत ओढून घेई.

"मला बाजूला सारा," धोंडा म्हणाला. "पाणी माझ्या मागेच आहे."

"रुसला," घोरपड म्हणाली. "घरातला म्हातारा रुसला की म्हणतो, मी चाललो. म्हणून कोणी त्याचं गाठोडं बांधून देतं का? समजूत काढायची. गाढवा, शेंदूर आण."

साळुंकीला तेवढ्यात कथा सुचलीसुद्धा. "मागे पाणी आहे! ऐकलंत? म्हणजे कोणे एके काळी पाण्याच्या राक्षसाने देवाचा पाठलाग केला होता. पुढे देव, मागे पाणी. देव धावतोय, धावतोय..."

"मी कधी धावलो?" धोंडा ओरडला. "मला पाय आहेत का?"

"आणि धावता धावता," साळुंकी पंख पसरून म्हणाली, "देवाने आपल्यासाठी पायसुद्धा टाकून दिले."

सगळ्यांनी डोळे पुसले.

कासवाने मान बाहेर काढली. "बाजूला म्हणजे कुठल्या बाजूला? देव तर सगळीकडे आहे. ज्याला बाजूच नाही तो बाजूला सारा म्हणतो. यात फार खोल काहीतरी आहे."

"काय आहे, कासवदादा?"

"ते सांगता येत नाही," कासव म्हणाले आणि आत गेले.

धोंड्याने कपाळाला हात लावला असता, पण हात नव्हते, आणि कपाळ आता शेंदरात कुठे होते ते त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

मोरीच्या अगदी खाली काबरी शेळीचे घासाचे शेत होते. धोंड्याला रोज सकाळी सारायची ती हिचीच आजी. काबरीची शिंगे आजीच्याच वळणाची होती. घास वाळला तसे तिचे दूध आटले. घरी दोन करडे होती. काबरीही रोज येई.

"देवा, पाणी दे."

"काबरे, तुझी आजी मला ढुशी द्यायची. तूही दे. एवढंच कर."

"अगं बाई! देवाला ढुशी? आजी अडाणी होती माझी. तिच्याच पापाने हे दिवस आले, असं घोरपडबाई म्हणतात."

"घोरपडीचं शेत आहे का खाली?"

"नाही."

"मग?"

मान खाली घालून काबरीने कपाळ टेकवले आणि ती गेली. धोंडा चरफडला. वाकली होती तशीच, नेमकी तशीच, जरा जोरात पुढे आली असती तर काम झाले असते.

एके दिवशी सकाळी तिचे धाकटे करडू उठले नाही. तिने चाटले, ढोसले, तरी उठले नाही. नुसते डोळे किलकिले करून पडून राहिले. काबरी बांधावर आली ती रिकाम्या तोंडाने. नमस्कार नाही, पाला नाही.

"सगळ्यांनी सांगितलं ते केलं. उपास केले, फेऱ्या घातल्या. माझं लेकरू मरतंय, आणि तू वर पाणी अडवून बसलायस!"

"अगं, तेच तर मी..."

"मेल्या, दगड आहेस तू! नुसता दगड!"

शेंदूर लागल्यापासून त्याला कोणी खऱ्या नावाने हाक मारली नव्हती. धोंडा गहिवरला. तेवढ्यात तिची शिंगे येऊन आदळली. शेंदराचे कवच तडकले आणि शिंगे त्या जुन्या खोलग्यात जाऊन बसली. धोंडा खाचेतून निसटला, गडगडत बांधाखाली गेला आणि बाभळीच्या बुंध्याला अडून थांबला. मागून पाणी आले. काबरी धावत घरी गेली आणि करडाला मानेला धरून पाटावर घेऊन आली. ते प्यायले आणि थोड्या वेळाने शिंकले. धोंड्याने ती शिंक ऐकली. आता संध्याकाळी जागेवर गेलो की झाले, असे त्याने मनाशी म्हटले.

संध्याकाळपर्यंत सगळे राज्य बाभळीखाली जमले होते.

"पावला!" घोरपड म्हणाली. "स्वतः चालत आला. त्याला हीच जागा हवी होती."

"मला परत लावा," धोंडा म्हणाला. "तळं रिकामं होईल."

"आनंदात आहे तो," घोरपड म्हणाली. "गाढवा, शेंदूर."

साळुंकीच्या कथेत तोवर शेळीच्या रूपातली एक राक्षसीण आली होती. तिने देवावर घाव घातला, आणि दयाळू देवाने त्या घावातून पाणी दिले. कथा फार रंगली. त्यामुळे काबरीला देवाच्या दारात यायची बंदी झाली. कासवाने रिकामे होणे या विषयावर विचार सुरू केला.

बाभळीभोवती देऊळ उभे राहिले. धोंडा रोज ओरडत होता, "लावा रे मला परत!" आणि त्याच्या ओरडण्यावर आरत्या रचल्या जात होत्या. उघड्या मोरीतून पाणी वाहतच होते. घास भिजून कुजू लागला. तळ्याचा काठ उघडा पडला, मग उतार, मग चिखलात मासे तडफडू लागले.

काबरी एकदा लांबून हे सगळे बघत उभी राहिली. मग ती आपल्या शेतात गेली. तिथे कोपऱ्यात एक दगड पडलेला होता, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. ढुशा देत, धापा टाकत तिने तो बांधावर चढवला आणि खाचेत बसवला. पाणी थांबले. सकाळी तिने तो सारला, संध्याकाळी परत लोटला. दुसऱ्या दिवशीही तेच. पाऊस पडला तसे तळे सावरू लागले, घास उभा राहिला. देवळाच्या दारातून धोंड्याला ते दिसत असे. त्या दगडाच्या कुशीला हळूहळू एक पुसटसा खोलगा पडू लागला होता. धोंडा त्याच्याकडे भुकेल्या डोळ्यांनी बघत राही.

एका संध्याकाळी गाढव देवळातून निघाले. देवाला लावून वाटीत थोडा शेंदूर उरला होता. टाकायचा कुठे, म्हणून ते इकडे तिकडे बघत बांधावर आले. तिथे त्याला मोरीच्या तोंडाशी दगड दिसला. बाजूला हिरवागार घास. भरत आलेले तळे. गाढवाचे डोळे पाणावले.

"नको!" देवळातून धोंडा किंचाळला.

"ऐकलंत?" घोरपड म्हणाली. "आज स्वर किती गोड लागलाय! घंटा वाजवा."

घंटा वाजू लागली. दगडाच्या पुढ्यात काबरी उभी होती. वाटी घेऊन येणारे गाढव तिने पाहिले आणि मान खाली घातली. ती नमस्कार करते आहे असे गाढवाला वाटले, आणि ते आनंदाने पुढे आले.